नववी मात्रा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चहाचा कप खाली ठेवण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो. बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे; तिच्याविषयी कोणी काही विचारत नाही. प्रश्न येतो तो समोरच्या भिंतीवरील चित्राविषयी. सुमारे दीड हात रुंद आणि हातभर उंच असा तो कागद काचेमागे मढवलेला आहे. त्यावर तांबूस, पिंगट, सोनेरी, काळ्या आणि पिवळ्या रंगांचे चौकोन चार ओळींत मांडलेले आहेत. काही एकमेकांत मिसळलेले, काही अंग चोरून उभे असलेले. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, नदी नाही. शेजारच्या मावशींनी ते प्रथम पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाकळ छान काढलीय हो." माझ्या कचेरीतल्या एका स्नेह्याला ती फरशीची नक्षी वाटली. घर आशीर्वादित करण्यास आलेले एक वृद्ध धर्मगुरू बराच वेळ पाहत राहिले आणि "रंग उबदार आहेत" एवढेच म्हणाले. मला ते उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटले.

खरे सांगायचे तर तो एक राग आहे. भूप. आणि त्यात एक जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेची ही हकिगत.

वढू बुद्रुक हे आमचे गाव नव्हे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे त्याचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले आहे. पुण्याहून नगरकडे जाताना कोरेगाव भीमापाशी आत वळले की भीमेच्या काठचे हे गाव लागते. महाराजांबरोबर अखेरपर्यंत राहिलेल्या कवी कलशांची समाधीही येथेच आहे. सणसवाडीच्या एका कारखान्यात मी हिशेबाच्या खात्यात कामाला लागलो, बदली होण्याची शक्यता संपली आणि २०१४ साली आम्ही येथे लहानसे घर बांधले. फाल्गुन अमावास्येला, महाराजांच्या स्मृतिदिनी, गावात लांबलांबून माणसे येतात. ढोल-ताशांनी रस्ता दुमदुमतो. एरवी शेतीची कामे, कारखान्यांच्या पाळ्या आणि संध्याकाळी नदीकडून येणारा गार वारा, असे येथले दिवस.

२०१७ साली आई गेली आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांनी मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षे मास्तरकी केली. दिवसा ते पाढे शिकवीत आणि संध्याकाळी पेटी. रविवारची उपासना असो, नाताळची भजने असोत, कोणाच्या घरचा बारसा-साखरपुडा असो वा मयताच्या रात्रीची जागरणे असोत, अण्णांची पेटी तेथे असायचीच. सुटकेस उघडावी तशी ती उघडायची, भात्याची कडी सोडायची, आणि 'काळी दोन'चा सूर धरून मुलांना पहिला 'सा' लावायला सांगायचे, हे दृश्य माझ्या बालपणाच्या प्रत्येक संध्याकाळी आहे. मी मात्र त्यात कधी शिरलो नाही. मला आकडे बरे वाटत. "याचा हात पेटीवर चालत नाही, वहीवर चालतो," असे अण्णा म्हणत, आणि त्यात राग नसे.

आमच्याकडे आले तेव्हाच त्यांचे कान मंद झाले होते. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते ते वरच्या सुरांपासून. चिमणीचा आवाज आधी जातो, ढोलाचा शेवटी. अण्णांचेही तसेच झाले. आधी नातीची हाक गेली, मग दाराची घंटा, मग माणसांचे बोलणे. पुण्याला नेऊन आम्ही श्रवणयंत्र घेतले. पण ती यंत्रे मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असतात. गाणे त्यांतून पुष्कळदा वेडेवाकडे होऊन कानी पडते. अण्णांनी आठ दिवस ते वापरले आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, "माणसं बोलतात यात. पण पेटी रडते." पुढे यंत्राचाही उपयोग होईना. आम्ही एक पाटी आणली. सांगायचे ते आम्ही पाटीवर लिहीत असू आणि ते तोंडी उत्तर देत.

तरीही ते रोज सकाळी पेटी वाजवीत. येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेटी सारंगीसारखी बेसूर होत नसते. पट्टी दाबली की तिच्या आतल्या पितळी पातीचा ठरलेला सूरच बाहेर येतो. वाजवणाऱ्याचे कान गेले तरी सूर चुकत नाही. चुकते ते बळ. किती जोराने भाता मारावा, कोठे हात हलका करावा, हे कानच सांगत असतात. अण्णांचा भाता आता सारखा जोरात चाले. हळुवार चाल कवायतीच्या गाण्यासारखी वाजे.

२०२० च्या टाळेबंदीत कचेरीचे काम घरून सुरू झाले. जून महिन्यातील एका सकाळी संगणकावर आमची बैठक चालू होती, मी वरिष्ठांना काही आकडे समजावून देत होतो, आणि शेजारच्या खोलीतून पेटीचा लोट आला. कोणीतरी हसले. मी उठलो, आत गेलो आणि दोन्ही हातांनी खुणा करीत, ओठ स्पष्ट हलवीत म्हणालो, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही. आम्हाला येतं."

वाक्य छोटे होते आणि खरेही होते. त्यांना ते ओठांवरून नीट वाचता आले. त्यांनी भाता मिटला, कडी लावली, वर धुतलेले धोतर पांघरले. मी बैठकीला परत गेलो. त्या दिवसानंतर आमच्या घरात पेटी वाजली नाही.

पहिले काही महिने मला बरेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. घर शांत झाले होते. पण शांततेचेही प्रकार असतात. जेवताना अण्णा ताटाकडे पाहत. संध्याकाळी ओट्यावर बसत, नदीकडे तोंड करून. फाल्गुनात ढोल वाजू लागले की मात्र ते उठून भिंतीला तळहात टेकून उभे राहत. ढोलाचा घुमारा त्यांना भिंतीतून आणि छातीतून कळे. तेवढाच एक दिवस त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलताना दिसे. मी ते पाहत असे आणि नजर वळवत असे.

माझी मुलगी पुण्याला कलेचे शिक्षण घेते. तिने छापील चित्रकला हा विषय घेतला तेव्हा आम्ही दोघे नवराबायको काळजीत पडलो होतो. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिने माळ्यावरची अण्णांची पत्र्याची पेटी काढली आणि तिच्या तळाशी तिला एक लांबट वही सापडली. वहीच्या पानांवर आडव्या-उभ्या रेघा आखून सोळा-सोळा घरे पाडलेली होती आणि प्रत्येक घरात निळ्या शाईने एकेक अक्षर. सा, रे, ग, प, ध. काही अक्षरांच्या डोक्यावर टिंब, काहींच्या पायाशी टिंब. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे ते स्वरलेखन होते. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. एका पानावर अण्णांनी लिहिले होते, 'सायंप्रार्थना, राग भूप, ताल तीनताल.' चाल त्यांची स्वतःचीच होती. आमच्या गावच्या शाळेत ती मुले रोज म्हणत. मीही म्हटलेली आहे.

"पप्पा, मी याचं चित्र करणार," मुलगी म्हणाली.

"कशाचे? प्रार्थना करणाऱ्या मुलांचे?"

"नाही. चालीचं."

मी हसलो. ऐकण्याची वस्तू पाहायची कशी? या प्रश्नावर आमचा वाद दोन-तीन संध्याकाळी चालला, आणि त्यात मी पुष्कळ शिकलो. तिने प्रथम मला आपल्याकडच्या रागमाला दाखवल्या. सोळाव्या-सतराव्या शतकांपासून राजस्थानात, पहाडी राज्यांत आणि आपल्या दख्खनच्या दरबारांतही चित्रकार रागांची चित्रे काढीत. तोडी म्हणजे वीणा घेऊन उभी असलेली तरुणी आणि तिच्याभोवती जमलेली हरिणे. मेघ म्हणजे पावसात नाचणारा कृष्ण. मी म्हणालो, "हे ठीक आहे. यात माणसे आहेत." ती म्हणाली, "पण पप्पा, तोडी गाताना कोणी हरिणाचा आवाज काढत नाही. हरीण ही चित्रकारानं दिलेली उपमा. मला उपमा नकोय."

मग तिने मला वासिली कांदिन्स्की या रशियन चित्रकाराची गोष्ट सांगितली. १९११ च्या जानेवारीत जर्मनीतील म्युनिक शहरी त्याने आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराच्या रचना ऐकल्या आणि लगोलग एक चित्र रंगवले. ते आजही म्युनिकमध्ये आहे. त्यात पिवळ्या रंगाचा एक मोठा लोट उसळलेला आहे आणि वर पियानोची काळी पाचर. पुढे त्याच्या चित्रांतून वस्तू नाहीशा होत गेल्या. चित्रांना तो 'कॉम्पोझिशन', 'इम्प्रोव्हायझेशन' अशी संगीतातली नावे देई. त्याचा स्नेही पाऊल क्ले याचे वडील संगीतशिक्षक होते, आणि तो स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवी. पीट मोंद्रियान हा डच चित्रकार उतारवयात न्यू यॉर्कला आला तो तेथील बुगी-वुगी संगीताने इतका भारावला की १९४२-४३ मध्ये त्याने लाल, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यांचे चित्र काढून त्याला त्या संगीताचेच नाव दिले. या सर्वांचे म्हणणे थोडक्यात असे, की गाणे ऐकताना आपण 'हे कशासारखे आहे' असे विचारत नाही. कोमल गंधार कोणत्या वस्तूसारखा आहे? कशासारखाच नाही. तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सुराशी ज्या नात्याने उभा असतो, तेच त्याचे सौंदर्य. मग रंगालाच आपण सारखे का दरडावतो, की तू कशाचा तरी असलाच पाहिजेस?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी हिशेबनीसाचा प्रश्न विचारला, "कोणत्या सुराला कोणता रंग, हे कोणी ठरवायचे?"

येथे तिने मला गप्प केले. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादेला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेव नावाच्या पंडिताने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात साती स्वरांचे रंग दिलेले आहेत. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र. पुढे इंग्लंडात न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात इंद्रधनुष्याचे सात रंग सात सुरांशी जोडले. त्याचा कोष्टक अर्थातच निराळा. म्हणजे सूर आणि रंग यांची सांगड निसर्गाने घालून दिलेली नाही. ती ज्याची त्याने घातलेली आहे. तरीही आपल्याच मातीत, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, कोणीतरी पंचमाला डोळे मिटून पाहिले आणि तो काळा दिसला असे लिहून ठेवले, याचे मला मोठे नवल वाटले. भूपात मध्यम आणि निषाद नसतात. उरले पाच स्वर, पाच रंग. मुलीने तेच घेतले.

तिने हे चित्र स्क्रीन प्रिंटिंगने छापले. लग्नपत्रिका छापायला आपल्याकडे तालुक्याच्या गावीही हीच पद्धत वापरतात, त्यामुळे ती पाहिलेली पुष्कळांना असेल. चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवायचे, पूर्वी ते रेशमाचे असे. जेथे रंग नको तेथली छिद्रे रसायनाने बुजवायची, आणि वर शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची. उघड्या छिद्रांतून शाई खाली कागदावर उतरते. रंग पाच असतील तर चौकटीही पाच, आणि प्रत्येक रंग वाळल्यावर पुढचा अचूक त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी कागद वाया. तिने बारा प्रती काढल्या. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातला, उजव्या कोपऱ्यात सही केली आणि नाताळच्या सुट्टीत पहिली प्रत घरी आणली.

ती कोठे लावायची यावर घरात थोडी धुसफूस झाली. "ज्यात काही दिसत नाही ते चित्र येशूच्या समोर कशाला?" असे माझ्या पत्नीचे म्हणणे. शिवाय, "ही काय खरी पेंटिंग आहे? छापील तर आहे!" त्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुझं पवित्र हृदयही छापीलच आहे." ते खरेच होते. ती प्रतिमा जगभर पसरली ती रोमच्या जेझू चर्चमध्ये असलेल्या पोम्पेओ बातोनी यांच्या अठराव्या शतकातील चित्रामुळे. आपण कोणी मूळ चित्र पाहिलेले नसते, आणि त्याने काही अडतही नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातच मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे तेथे हलला, आणि प्रत्येक रंगाला निराळा दगड वापरून छापलेली त्याची देवादिकांची चित्रे गरिबातल्या गरीब घरात जाऊन पोहोचली. चित्र घरात यायचे तर ते बहुधा छापूनच येते. पत्नीने शेवटी खिळा ठोकू दिला, पण तसबिरीपेक्षा बोटभर खाली, या अटीवर.

हे सर्व चालले असताना अण्णा ओट्यावर होते. कोणी त्यांना काही सांगितले नाही. मुलीचा तसा हट्टच होता. "आजोबांना पाटीवर लिहून दाखवायचं नाही," ती म्हणाली.

दिवेलागणीला ते आत आले. रोजच्यासारखे खुर्चीकडे जाता जाता थबकले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग चित्राच्या अगदी जवळ गेले. त्यांचे ओठ हलू लागले. मला वाटले, ते चौकोन मोजत आहेत. तसे ते मोजतच होते, पण उजव्या हाताची बोटे मांडीवर पडू लागली होती. पहिल्या मात्रेला पूर्ण पंजा, मग एकेक बोट. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. तिसरीत, जेथे सोनेरी आणि पिवळा एकमेकांत मिसळले आहेत, तेथे त्यांनी मान किंचित वर उचलली. शाळेत मुले त्या जागी तार षड्जाला जात तेव्हा ते अशीच मान उचलीत. मला ते चाळीस वर्षांनी आठवले. चौथ्या ओळीच्या मध्यावर मात्र त्यांचा हात अडला. ते पुन्हा मागे गेले, पुन्हा मोजत आले, पुन्हा तेथेच अडले.

"हे कोणी भरलं?" त्यांनी मोठ्याने विचारले. काचेवर, चौथ्या ओळीतल्या नवव्या चौकोनावर त्यांचे बोट होते. "इथं काही नाही."

मुलीने धावत जाऊन वही आणली. त्या घरात खरोखरच अक्षर नव्हते. माळ्यावरच्या ओलीने शाई उडाली असावी असे समजून तिने शेजारच्या घरातला रंग तेथे पुढे ओढला होता. अण्णांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि मास्तरांच्या आवाजात, चार वर्षांत न ऐकलेल्या आवाजात, म्हणाले, "शाई गेलेली नाही. मी लिहिलंच नव्हतं. नववी मात्रा, खाली. तिथं पेटी थांबते. भाता भरलेला असतो, पण बोटं वर असतात. मुलांनी श्वास घ्यायचा आणि मग शेवटची ओळ. तिथं भरलंस तर पुढचा सूर कुणाला ऐकू येणार?"

संगीत न शिकलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार खंडांत विभागलेल्या असतात. पहिली मात्रा म्हणजे सम. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी देतात. नवव्या मात्रेवर टाळी देत नाहीत. हात बाजूला नेऊन तळवा उघडा करतात. तिला 'खाली' म्हणतात. त्या भागात डग्ग्याचा घुमारा मावळतो आणि तबला हलका बोलतो. खालीमुळेच ऐकणाऱ्याला कळते की आपण तालात कोठे आहोत आणि सम किती दूर आहे. खाली म्हणजे चुकलेली टाळी नव्हे. ती मोजलेली असते.

सुट्टी संपल्यावर मुलगी पुण्याला गेली आणि तिने चित्र पुन्हा छापले. या वेळी त्या एका रंगाच्या चौकटीवर, त्या एवढ्याच जागी, तिने चिकटपट्टी लावली. चार ओळींत चौसष्ट घरे. त्रेसष्टांत रंग, आणि एका घरात कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. आता आमच्या भिंतीवर आहे ती ही प्रत. आधीच्या बाराही प्रती तिने बाजूला ठेवल्या. गंमत अशी, की पहिल्या चित्राकडे मी पाहत असे तेव्हा नजर सर्व चौकोनांवरून सारखीच घरंगळत जाई. या चित्रात ती त्या कोऱ्या जागेपाशी जाऊन थांबते, आणि तेथून पुढचा तांबूस चौकोन, म्हणजे षड्ज, एकदम उजळतो. रंग तोच आहे. त्याच्या आधी जागा मिळाली आहे, इतकेच.

त्यानंतर मी वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी वाचले. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या घराण्यातले हे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे दिल्लीत राहिले आणि २००१ मध्ये वारले. वर्षाला मोजकीच चित्रे ते करीत. रुळाने आणि पात्याने रंगाचे थर चढवायचे आणि उतरवायचे, आणि बराच काळ नुसते बसून राहायचे. त्यांना संगीताची आवड होती, पण मौनाचीही तितकीच होती. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांच्या चित्रांची छायाचित्रे पाहताना पूर्वी मी पान उलटले असते. आता उलटले नाही. त्या विस्तीर्ण रंगात काही नाही असे वाटते, आणि थोडे थांबले की कळते, की जे नाही तेही मोजून ठेवलेले आहे.

माझ्या मनात मात्र दुसरीच एक गोष्ट घर करून राहिली. अण्णांच्या कानांतून सूर गेले, त्याला इलाज नव्हता. पण त्यांच्या आयुष्यात साडेतीन वर्षांची जी कोरी जागा पडली होती ती वयाने पाडलेली नव्हती. ती मी पाडलेली होती. ती काही खाली नव्हती. तिच्यात कोणाला श्वास घेता आला नव्हता.

एका रविवारी दुपारी, घरात आम्ही दोघेच असताना, मी पाटी घेतली आणि लिहिले, 'त्या दिवशी मी पेटी बंद करायला लावली. माझे चुकले.' पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली. मग खांद्यावरचा पंचा घेऊन, मुलाचे चुकलेले गणित पुसावे तसे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळे पुसून टाकले आणि पाटी माझ्या हातात परत दिली. बोलले काहीच नाहीत.

मी आत जाऊन पेटी आणली. वरचे धोतर काढले. भात्याचे कापड कोपऱ्यात कुरतडले गेले होते. दाबला की फुसफुसत होता. पुण्याला नेऊन मी तो दुरुस्त करून आणला. अण्णांनी ती पाहिली, पट्ट्यांवरून बोटे फिरवली, पण वाजवली नाही. आजही वाजवत नाहीत. मी आग्रह करीत नाही. फक्त तिच्यावर आता धोतर पांघरलेले नसते.

मात्र रोज दिवेलागणीला, भूपाच्या वेळेला, ते त्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसतात. सुरुवातीला मी दारातून पाहत असे. मग एक दिवस दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे न पाहता माझा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर स्वतःच्या पंजाने ताल धरला. सम, दोन, तीन, चार. पुन्हा एकदा टाळी. वहीवर चालणारा माझा हात प्रथमच कोणीतरी तालावर चालवीत होते. घरात एकही आवाज नव्हता. स्वयंपाकघरात पत्नीने नळ बंद केला होता आणि ती दाराशी उभी होती.

चौथ्या ओळीत सात झाले, आठ झाले. नवव्या मात्रेला अण्णांनी आपला हात माझ्या हातावरून उचलला, बाजूला नेला आणि तळवा उघडा धरला. माझाही हात उचलला गेला.